आधी बाहेर

त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सुचेताला एकच गोष्ट हवी होती. प्रभूच्या मेजाशी गुडघे टेकायचे, हातावर भाकरीचा तुकडा घ्यायचा आणि डोळे मिटून तो खायचा. बस्स. साडी नको, सोनं नको, माहेरी जायला रजासुद्धा नको. अकरा महिने झाले होते, तिला प्रभुभोजन मिळालं नव्हतं.

आता कुणी विचारील, अकरा महिने ही बाई आजारी होती की गावाला गेली होती? छे हो! दर रविवारी दुपारी तीनच्या ठोक्याला ती चर्चमध्ये हजर. चर्च कन्नड मंडळीचं. सकाळी त्यांची उपासना, दुपारी आपल्या मराठी मंडळीची. कुणी नगरचे, कुणी जालन्याचे, कुणी बेळगाव-निपाणीकडचे. बंगळुरात पोटासाठी आलेले आणि आठवड्यातून एकदा पोटभर मराठी बोलायला जमणारे. सुचेता यायची, पोरांना घेऊन मागच्या बाकावर बसायची. पहिलं गीत व्हायचं, शास्त्रवाचन व्हायचं, उपदेशही पार पडायचा. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब मेजावरचं पांढरं कापड उचलायला गेले रे गेले, की तिच्या मांडीवरचा, आता अकरा महिन्यांचा झालेला योहान असा टाहो फोडायचा, की समोरच्या पाच रांगांच्या माना वळायच्या. कुणी काकू हात पुढे करायच्या, “दे गं इकडे.” त्यांच्याकडे गेलं की पोरगं दुप्पट रडायचं. मग सुचेता उठायची आणि व्हरांड्यात जायची.

नवरा काय करत होता म्हणाल, तर नवरा पेटी वाजवत होता. उल्हास होसकोट्याच्या कारखान्यात सुपरवायझर, सहा दिवस कंपनीच्या बसमधून जायचा-यायचा, आणि सातव्या दिवशी मंडळीची पेटी. त्याच्या पेटीवाचून गीत बसत नसे. लोक आपापल्या सुरात निघायचे आणि शेवटच्या कडव्यापर्यंत एकमेकांना भेटायचेच नाहीत. तो पुढे अडकलेला, ही बाहेर.

आणि आत परत जाऊन बसायचं, तर तिच्या आईचा आवाज कानात असायचा. आई नगरच्या मिशन शाळेत मास्तरीण. “लेकराचा आवाज उपासनेत आला, की आईची मान खाली.” हे ऐकत सुचेता वाढली होती. त्यामुळे योहान शांत होईपर्यंत ती चपलांच्या रांगेपाशी येरझाऱ्या घालायची. तो शांत व्हायचा तेव्हा आत आशीर्वाद चाललेला असायचा. मंडळीला वाटायचं, तिनं दुसऱ्या एखाद्या रांगेबरोबर प्रभुभोजन घेतलं असेल. तिनंही कुणाला सांगितलं नाही. काय सांगायचं? लेकरू रडतं ही काय तक्रार झाली?

पण आतून ती सुकत चालली होती. लग्नाआधी ती पहाटे पाचला उठून एक अध्याय वाचायची, गुडघ्यांवर बसून अर्धा तास प्रार्थना करायची. आता प्रार्थना फोडणी देताना. “हे देवबापा, आजच्या दिवसासाठी तुझे आभार मानते, यांना बसमध्ये सांभाळ, आणि... शंतनू! ते तोंडातून काढ आधी! काढ म्हणते ना! ...आमेन.” हे असं. देव ऐकत असेल, पण त्याला काय कळत असेल देव जाणे, असं ती एकदा उल्हासला म्हणालीही होती. उल्हास हसला. तिला मात्र रडू आलं होतं.

अशात त्या महिन्यात भाकरीची पाळी तिच्याकडे आली.

या मंडळीची रीत अशी, की प्रभुभोजनाची भाकर विकत आणायची नाही. बायकांनी पाळीपाळीनं घरी करायची. बेखमीर, म्हणजे न आंबवलेली. मीठ नाही, तेल नाही, नुसती कणीक आणि पाणी. कोरड्या तव्यावर भाजायची, बारीक तुकडे करायचे, पांढऱ्या रुमालात झाकून आणायची. पाळी कोणाची हे ठरवायच्या वसुमतीअक्का. साठीच्या, निपाणीकडच्या, चाळीस वर्षं बंगळुरात काढलेल्या. प्रभुभोजनाच्या पेल्यातला मनुकांचा रस स्वतः उकळायच्या आणि मेजावर कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

“ह्या बारीला भाकर तुझ्याकडं गं, सुचेता,” त्यांनी फर्मावलं. “स्वल्प पातळ लाट. मागल्या बारीला कुणी केली होती की, चामडं झालं होतं, चामडं!”

सुचेताला इतका आनंद झाला, की तिनं घरी येईस्तोवर तीनदा ते मनात घोळवलं. भाकर आपल्या हातची. मग ती आपल्याला मिळणारच, देव इतकं तरी बघेल. तिनं बेत आखला, कारखान्यात आखतात तसा. योहानला सकाळी झोपू द्यायचं नाही, म्हणजे दुपारी रिक्षात डोळा लागेल आणि साडेचारपर्यंत उघडणार नाही. झोपवायचं काम उल्हासचं.

“हो हो,” उल्हास म्हणाला.

“हो हो नाही. नक्की.”

“अगं नक्की!”

“आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास” ही म्हण सुचेताच्या आत्यानं लग्नाच्या मांडवातच ऐकवली होती, आणि जावईबुवांनी तिची लाज आजतागायत राखली होती. माणूस सोन्याचा, पण हलायला वेळ लागायचा.

रविवार उजाडला. कणीक मळायला घेताना सुचेता ओट्यापाशी डोळे मिटून उभी राहिली. तिच्या आईकडची आणखी एक रीत होती. ही भाकर होईस्तोवर घरात चढ्या आवाजात बोलायचं नाही, आणि मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी ती सोडवून यायची, मगच पिठात हात घालायचा. माहेरी हे सोपं होतं. इथं चार वर्षांचा शंतनू दूध सांडून त्यात गाडी चालवत होता. सुचेता ओठांवर बोट ठेवून, डोळ्यांनीच त्याला रागवत मळत राहिली. सहा वर्षांची सिद्धी शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होती.

“आई, मीठ विसरलीस.”

“विसरले नाही. घालायचं नसतं.”

“मग बेचव लागेल.”

“चवीसाठी नसते ती.”

“मग कशासाठी असते?”

“प्रभूनं आपल्याला बोलावलंय, त्याची ती खूण. सगळ्यांना. कुणी उरायचं नाही.”

सिद्धीनं मान डोलावली. ही पोरगी मान डोलावते तेव्हा तिच्या डोक्यात काय शिजतंय हे ओळखायला पाहिजे होतं. पण सुचेताचं लक्ष तव्यावर.

भाकरी झाल्या. काय सुरेख झाल्या! कागदासारख्या पातळ, कुठे डाग नाही. सुचेतानं सुरीनं त्यांचे चौकोनी तुकडे केले, काचेच्या बशीत ठेवले, वर रुमाल घातला आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवून ती योहानला अंघोळ घालायला गेली. जेवणाच्या टेबलावर! ज्या घरात तीन पोरं आहेत त्या घरात! बाई शहाणी, पण आनंदात माणसाला एवढंसं वेड लागतंच.

पावडर लावून, झबलं घालून ती बाळाला घेऊन बाहेर आली, तर टेबलावर रुमाल छान घडी करून ठेवलेला. बशी नव्हती.

जयनगरचं ते घर चंपाक्कांचं. चंपाक्का खाली, हे भाडेकरू वर, आणि त्याच्यावर गच्ची. गच्चीवरून गाणं ऐकू येत होतं. सुचेता जिना चढून गेली.

गच्चीत उपासना चालली होती. शंतनू बिस्किटाच्या डब्यावर पेटी वाजवत होता, अगदी बापासारखी मान वाकडी करून. शेजारची दोन पोरं आणि एक बाहुली रांगेत गुडघ्यांवर बसली होती. सिद्धीच्या खांद्यावर पांढरा पंचा. चंपाक्कांची नात कावेरी मात्र एकटीच गच्चीच्या दाराबाहेर, जिन्यावर उभी होती, कडेवर दुसरी बाहुली घेऊन, आणि तोंडानं काहीतरी चावत होती. सिद्धीच्या हातात बशी होती. बशीत दोन तुकडे.

“सिद्धी!”

तो आवाज खाली रस्त्यावर गेला असेल. चढ्या आवाजाची रीत तिथंच मोडली.

“मी आधी प्रार्थना केली होती, आई,” सिद्धी घाईघाईनं म्हणाली. “खरी. डोळे मिटून.”

“हे खेळायचं आहे? तुला सांगितलं ना मी सकाळी? सांगितलं का नाही?” आणि सिद्धीच्या पाठीत एक धपाटा बसला. जोरात बसला. पोरगी रडली नाही. तिनं पंचा काढला, त्याची घडी केली, बशीवर ठेवली आणि खाली निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं, असं सुचेताला लगेच वाटलं. पण घड्याळात पावणेदोन झाले होते.

मग जी तारांबळ उडाली ती विचारू नका. पुन्हा परात, पुन्हा कणीक. मनात राग, डोळ्यांत पाणी, कडेवर योहान. पहिली भाकर करपली. दुसरी फुगली, ती दाबताना बोट भाजलं. हा सगळा राग या पिठात चाललाय, असं तिच्या मनात येत होतं आणि हात थांबवता येत नव्हता. शेवटी उल्हासनं तिच्या हातून सुरी घेतली. “तू साडी नेस. मी कापतो.”

त्यानं कापलं. काही तुकडे चौकोनी, काही त्रिकोणी, एक तर चक्क होडीसारखा.

“अहो, हे काय कापलंत?”

“प्रभू काही फूटपट्टी घेऊन बसलेला नाही. चल.”

खाली चंपाक्का दारातच उभ्या होत्या. बाई धारवाडकडची, मराठी कळायची आणि आपल्या वळणानं बोलायचीही. “वर काय झालं हो? कावेरी घाबरली की.”

“काही नाही चंपाक्का, खेळ चालला होता त्यांचा.”

“हां, चर्चचा खेळ. सांगत होती मला. हिला म्हणे आई केलं होतं, म्हणून बाहेर उभं केलं.” चंपाक्का हसल्या. “तुमच्यात आई बाहेर का उभी राहते हो?”

रिक्षा आली होती, उल्हास हाक मारत होता. सुचेता बशी सावरत रिक्षात जाऊन बसली.

एका रिक्षात पाच जण. “अक्का, स्वल्प आत सरका,” म्हणत रिक्षावाल्यानं अशी भरधाव सोडली, की बशी सांभाळता सांभाळता पुरेवाट झाली. सिद्धी कडेला, बाहेर बघत बसली होती. पाठ ताठ. तिच्या पाठीकडे बघता बघता सुचेताला चंपाक्कांचा प्रश्न आठवला. आई म्हणजे बाहेर उभी राहणारी. पोरीनं काय चूक केलं? जे दर वेळी दिसतं तेच मांडलं. आपण यांना बायबलच्या गोष्टी सांगतो, वचनं पाठ करून घेतो, आणि पोरं शिकतात ती चपलांपाशी उभ्या असलेल्या बाईकडून. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं.

वसुमतीअक्कांनी बशी हातात घेतली, रुमाल उचलला आणि भुवया चढवल्या. “अय्यो! हे त्रिकोण कशाला गं?”

“यांनी कापले, अक्का.”

“उल्हासनं? मग सरी, ठीक आहे,” असं कानडी-मराठीत म्हणत त्या बशी घेऊन गेल्या.

योहान झोपला होता. खरंच झोपला होता! पहिलं गीत झालं, हूं नाही की चूं नाही. शास्त्रवाचन झालं. उपदेश झाला, आणि आढाव पाळकांचा उपदेश म्हणजे काही झटपट आटपणारा मामला नव्हे. तरी पोरगं गाढ. सुचेता श्वाससुद्धा हळू घेत होती. पाळकसाहेबांनी मेजावरचं कापड उचललं. भाकर हातात घेतली, आभार मानले. मंडळीनं गीत म्हटलं, गीत संपलं, आणि त्या शांततेत उल्हासनं पेटीचा भाता मिटून वरचं झाकण सोडलं. फाडकन.

दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर सुचेतानं त्याला मनातल्या मनात क्षमा केली असती. योहाननं डोळे उघडले, एकदा छताकडे बघितलं आणि टाहो फोडला. पेटीमागे उल्हासचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता, की तिला त्याच्यावर चिडताही येईना. ती उठली आणि व्हरांड्यात गेली.

बाहेर नेहमीच्या चपला, नेहमीचा बाक. बरंच झालं, ती स्वतःला म्हणाली. मनात एवढा राग धरून मेजाशी जायचंच नसतं. पाठीत धपाटा घालून आलेय पोरीच्या. योहानला थोपटत ती उभी राहिली. आत पहिली रांग उठल्याचा आवाज आला, आणि मग तिला रडू आवरेना.

“आई.”

सिद्धी दारात उभी होती.

“आत जा, बाळा. मोठ्यानं बोलू नकोस.”

सिद्धी गेली नाही. ती चपलांमधून वाट काढत आली आणि शेजारी येऊन उभी राहिली. आईनं लेकराची माफी मागायची, हे सुचेताच्या माहेरी कधी कुणी पाहिलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी तर नाहीच नाही. सुचेता बाकावर बसली, म्हणजे तिचं तोंड सिद्धीच्या तोंडासमोर आलं.

“माझं चुकलं, सिद्धी. मी तुला मारायला नको होतं. मला माफ कर.”

सिद्धीनं तिच्याकडे नीट बघितलं, खरं बोलते की काय ते पारखून. “मी ती बशी न विचारता घेतली,” ती म्हणाली. “माझंपण चुकलं.”

“एक सांग. कावेरीला बाहेर उभं केलंस, मग तिच्या तोंडात तुकडा कुठून आला?”

“मी दिला. तिलाच आधी दिला. आधी बाहेर, मग आत.”

“का गं?”

“कारण खऱ्या चर्चमध्ये तुला कुणी देतच नाही ना,” सिद्धी म्हणाली. “मी दर वेळी बघते. तू येतेस तोपर्यंत संपतं.”

सुचेतानं एका हातानं योहानला आणि दुसऱ्या हातानं तिला जवळ ओढलं. इतके महिने कुणाला कळलं नाही असं तिला वाटत होतं. या एवढ्याशा पोरीला सगळं कळत होतं. आतलं ते सुकत जाणं, पहाटे पाचला उठायचं, गुडघ्यांवर बसायचं, काही काही तिला त्या वेळी आठवलं नाही. मनातली अढी मात्र सुटली, सुटली ती पार सुटली.

सिद्धी मिठीतून सुटली आणि आत पळाली. सुचेताला वाटलं, जागेवर जाऊन बसली असेल. तर आतून खणखणीत आवाज आला.

“पाळक आजोबा! माझी आई बाहेर आहे. तिला मिळतच नाही!”

सुचेतानं डोळे गच्च मिटले. लेकराचा आवाज उपासनेत! आईची मान खाली!

“कधीपासून गं?” पाळकसाहेबांचा आवाज.

“योहान झाला तेव्हापासून.”

“अय्यो देवा,” वसुमतीअक्का म्हणाल्या. “आणि भाकर तिच्याच हातची की!”

पुढचं सुचेतानं पाहिलं ते असं. आढाव पाळक, सत्तरीचे, पांढरा झगा, पायात नुसते मोजे, हातात बशी घेऊन उंबरा ओलांडत होते. मागे रसाचा पेला घेऊन वसुमतीअक्का. त्यांच्यामागे सिद्धी. आत मंडळी गुडघ्यांवर तशीच थांबलेली.

“पाळकसाहेब, तुम्ही कशाला... मी आले असते...”

“अकरा महिने आम्ही वाट बघायला लावली, सुचेताबाई,” म्हातारा म्हणाला. “आम्हाला क्षमा करा.”

ती चपलांच्या रांगेतच गुडघ्यांवर बसली. एका हाताला पोरगं, दुसऱ्या हाताचं बोट भाजलेलं. तिनं हात पुढे केला. पाळकसाहेबांनी त्यावर तुकडा ठेवला, नेमका त्रिकोणी, आणि ती डोळे मिटणार एवढ्यात योहाननं झडप घातली आणि तो तुकडा स्वतःच्या तोंडात कोंबला. रडणं क्षणात बंद. दोन दातांनी चघळत तो सगळ्यांकडे बघून हसला.

सुचेताचा चेहरा पांढरा पडला. पण पाळकसाहेब हसू लागले, हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि मग वसुमतीअक्काही पदर तोंडाशी धरून हसल्या. सुचेताला रडू आलं की हसू ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. पाळकसाहेबांनी दुसरा तुकडा उचलला आणि या वेळी तिच्या हातावर घट्ट दाबून ठेवला. तिनं तो खाल्ला. मीठ नव्हतं, कडेला थोडा करपला होता. अक्कांनी पेला तिच्या ओठांना लावला.

सिद्धी तोवर कमरेवर हात ठेवून उभी होती. आईनं तुकडा गिळल्याची तिनं वाकून खात्री करून घेतली.

“सरी,” ती पाळकसाहेबांना म्हणाली. “आता आतल्यांना द्या.”

आणि पाळकसाहेब बशी घेऊन आत गेले.